चिमणीचे दार

माझ्या पाच वर्षांच्या नातीला रात्री झोपविण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे, आणि मराठी घरातील आजोबाच्या पोतडीतून जी गोष्ट सर्वांत आधी बाहेर पडावयाची तीच माझ्याही पोतडीतून पडली. चिमणी मेणाचे घर बांधते, कावळा शेणाचे बांधतो, पावसाची झड येते, शेणाचे घर वाहून जाते, आणि भिजून चिंब झालेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन ते उघडण्याची विनवणी करतो; तेव्हा चिमणी, जुन्या मामलेदार कचेरीतील एखाद्या मुरलेल्या कारकुनाप्रमाणे, त्याच्या प्रत्येक अर्जावर नवा शेरा मारून त्याला बाहेर तिष्ठत ठेवते. पहिल्या अर्जाच्या वेळी बाळाची आंघोळ चाललेली असते, दुसऱ्याच्या वेळी अंग पुसणे, तिसऱ्याच्या वेळी तीट-काजळ. या शेऱ्यांना एक लय आहे आणि त्या लयीवर पिढ्यान्‌पिढ्या मुले पेंगुळली आहेत. माझी नात मात्र तिसऱ्या शेऱ्याला उठून बसली आणि म्हणाली, "आजोबा, चिऊने आधी दार उघडायचं ना, मग बाळाला पुसायचं."

ही तोड इतकी साधी होती की ती मला साठ-पासष्ट वर्षांत सुचली नाही याचेच मला नवल वाटले. ही कथा काही आजकालची नव्हे. चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या तेराव्या शतकातील लीळाचरित्रात ती येते, म्हणजे सातशेहून अधिक वर्षे मराठी मूल आपली पहिली गोष्ट म्हणून एका बंद दाराची हकीकत ऐकत आले आहे. काही घरांत दार शेवटी उघडते, पण तेव्हा कावळ्याला ऊब घ्यायला तापलेल्या तव्यावर बसविण्यात येते. त्यापेक्षा पाऊस बरा. ज्या समाजाने भूतदयेवर इतकी कीर्तने केली त्याने आपल्या बाळांच्या कानी सर्वप्रथम ही गोष्ट का घालावी, हा प्रश्न मी त्या रात्री उशाशी घेऊनच झोपलो.

आमच्या पुण्यात मुलांना चांगुलपणा शिकविण्याची सोय मुबलक आहे. एप्रिलच्या परीक्षा आटोपल्या की पेठांतून आणि कोथरुडाकडील वसाहतींतून संस्कारवर्गांच्या पाट्या लागतात; तेथे श्लोक, प्रार्थना, मातीचे गणपती, कागदी पिशव्या आणि प्राणिमात्रांवर प्रेम करण्याचा उपदेश हे सर्व दहा दिवसांत, माफक शुल्कात उरकते. या वर्गांची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही, कारण सुटीत घरात धुडगूस घालणाऱ्या मुलांना दोन तास कोठेतरी बसविणे हीही आईबापांवर केलेली दयाच आहे. परंतु 'संस्कार' या शब्दाचा आपण जो सैल वापर करतो, त्याबद्दल मात्र धर्मशास्त्राच्या दप्तरात एक फार विचार करण्यासारखी नोंद आहे. ती ज्यांनी आधुनिक वाचकांसमोर साधार मांडली ते महामहोपाध्याय पां. वा. काणे, त्यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाच खंडांचा प्रचंड ग्रंथ याच शहरातील भांडारकर संस्थेने 1930 ते 1962 या काळात प्रसिद्ध केला आणि त्यानंतरच्या वर्षी काण्यांना भारतरत्न मिळाले. गौतमाच्या धर्मसूत्रात चाळीस संस्कार मोजले आहेत. त्यांत गर्भाधानापासून उपनयनापर्यंतचे आपल्या परिचयाचे विधी आहेत, विवाह आहे, सोमयाग आहेत, आणि पंचमहायज्ञही आहेत. म्हणजे अतिथीला अन्न देणे आणि कावळ्याकुत्र्यांसाठी बळी काढून ठेवणे (हाच भूतयज्ञ) याही गोष्टी गौतमाने संस्कारांतच धरल्या आहेत. हे चाळीस मोजून झाल्यावर तो आठ आत्मगुण निराळे सांगतो: दया, क्षांती, अनसूया, शौच, अनायास, मंगल, अकार्पण्य आणि अस्पृहा. त्यांत दया पहिली, आणि तीही सर्व भूतांच्या ठायी. (अनायास म्हणजे जिवाला झेपणार नाही इतके कष्ट न करणे, हा एक गुण आम्हा पुणेकरांनी कोणत्याही वर्गावाचून आत्मसात केला आहे.) मग सूत्रकार आपला निवाडा देतो: ज्याचे चाळीसही संस्कार झाले पण ज्याच्या अंगी हे आठ गुण नाहीत त्याला ब्रह्मसायुज्य नाही, उलट संस्कार थोडेच झाले असूनही ज्याच्या अंगी हे गुण आहेत त्याला ते आहे.

या निवाड्यातील मर्म असे की, कावळ्याला घास ठेवणे आणि कावळ्याविषयी दया असणे या दोन गोष्टी गौतमाने एका रकान्यात लिहिल्या नाहीत. एक मनुष्य आयुष्यभर नेमाने काकबळी ठेवील आणि तरीही दयेच्या खात्यावर त्याच्या नावे शून्य निघेल, ही शक्यता त्याने गृहीत धरली होती. संस्कार माणसावर दुसऱ्याकडून होतो, त्याला तिथी असते, पुरोहित असतो, पूर्ण झाल्याची खूण असते. गुणाला यातले काहीच नसते. तेव्हा मुलाला दया शिकवावयाची म्हणजे आपण नेमके काय करावयाचे? जी वस्तू करता येत नाही, ती करविता तरी कशी येईल?

मराठी मुलाचा पहिला भूतयज्ञ त्याला दात येण्याच्या सुमारास घडतो. आई वरणभाताचा घास हातात घेते, त्यावर चिमणीचे नाव सांगते, पुढच्या घासावर कावळ्याचे, त्यापुढच्यावर गोठ्यातल्या गाईचे, आणि प्रत्येक घास बाळाच्याच तोंडात जातो. कागदोपत्री देणगी चिमणीच्या नावे, वसुली मात्र बाळाच्या पोटी. एखाद्या हिशेबतपासनिसाने ही उघड अफरातफर ठरविली असती. मला मात्र ती भाषेने केलेली मोठी मार्मिक तजवीज वाटते. ज्या वयात 'मी' आणि 'ते' यांची हद्द अजून आखली गेलेली नसते, त्या वयात चिमणी जेवली आणि आपण जेवलो यांत बाळाला भेद दिसत नाही, आणि म्हणून त्याला अन्याय झाल्यासारखेही वाटत नाही. दारावर आलेल्या प्रत्येकाला ते हात पुढे करते. रस्त्यावरचे कुत्रे, गवंड्याची धुळीने माखलेली पोर, भाजीवालीची टोपली, सगळ्यांकडे सारख्याच ओढीने झेपावते. या मुलाला दया शिकविण्याची गरज नसते. आपण त्याला शिकवितो ती हद्द. "हात लावू नको", "तिच्याशी बोलत बसू नको", "ते आपले नव्हेत" हे धडे कोणत्याही वर्गात दिले जात नाहीत, कारण ते जिन्यात, दारात आणि गाडीच्या काचेआडून आधीच पक्के झालेले असतात. त्यानंतर आपण त्याला प्राणिमात्रांवर प्रेम करावयास सांगतो, तेव्हा ते आज्ञाधारकपणे कुत्र्याचे चित्र काढते.

ही हद्द ग्रंथांतही आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैश्वदेवानंतर कोणाकोणासाठी अन्न काढावे याची फेरिस्त आहे. कुत्री, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे आणि किडे अशा क्रमाने ती जाते, आणि हे अन्न हळूच जमिनीवर ठेवावे असा दंडक आहे. या 'हळूच'मध्ये काळजी आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु माणसे आणि कुत्री एका वाक्यात बसली आणि दोहोंच्याही वाट्याला पान न येता भुई आली, हेही त्याच ओळीत आहे. उपाशी कोणी राहू नये अशी ही व्यवस्था आहे. आत मात्र कोणी येऊ नये. चिमणीने खिडकीतून कावळ्याला शिते टाकली असती तर ती या दंडकाप्रमाणे निर्दोष ठरली असती.

पुण्याच्या पाण्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना कात्रजच्या तलावापासून दगडी नळाने पेठांत आणलेले पाणी आणि त्यावर भरणारे पेशवाईतील हौद आठवतील. या हौदांवर कोणी यावे आणि कोणी दूर उभे राहून कोणी ओतील तर ओंजळीत घ्यावे, याचा बंदोबस्त कोणत्याही फर्मानावाचून चोख चालत असे. त्याच शहरात, तेव्हाच्या गंज पेठेत, 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. येथे कोणी कोणाच्या ओंजळीत पाणी ओतले नाही. हौद दाखविला आणि बाजूला झाले. दयेच्या इतिहासात ही गोष्ट मला फार मोठी वाटते, कारण तिच्यात देणाऱ्याचा हातच नाहीसा झाला आहे.

या घरात सहा वर्षांनी, 1874 साली, एक मूल दत्तक आले. फुले दांपत्याने 1863 मध्ये सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी ते जन्मले होते, आणि त्याचे नाव यशवंत. या मुलाला प्राणिमात्रांवर दया करण्याचे पाठ दिले गेले की नाही याचा शोध घेण्याची मला आवश्यकता वाटत नाही. सकाळी उठून अंगणात आले की हौदावर कोण घागर भरीत आहे हे त्याला दिसत असणार, आणि त्यात पाहण्यासारखे काही आहे हेही बहुधा त्याला फार उशिरा कळले असणार. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात, जेव्हा शहरातील सुखवस्तू घरे कुलुपे लावून बाहेर पडत होती, तेव्हा त्याने हडपसरच्या बाजूस माळावर दवाखाना चालविला. सावित्रीबाई रोग्यांना तेथे नेत. अशाच एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि तो रोग त्यांनाच जडून 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. आईने पाठीवर आणलेले परके पोर आणि ते उतरवून घेणारा, स्वतःही एके काळी परकेच पोर असलेला मुलगा, हे दृश्य मी अनेकदा मनाशी उभे केले आहे. त्या दोघांत त्या वेळी दयेविषयी काही संभाषण झाले असेल असे मला वाटत नाही.

निसर्गाविषयीच्या कळकळीची गोष्ट याहून वेगळी नाही, म्हणून तिचा विस्तार करीत नाही; एक मात्र सांगितले पाहिजे. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर उन्हाळ्यात पहाटे जाणाऱ्यांत पाण्याच्या बाटल्या आणि कॅन घेऊन चढणारी माणसे असतात. पावसाळ्यात लावलेल्या रोपांनी मे महिना पार करावा म्हणून ती हे ओझे वाहतात, आणि त्यांच्या मागे कधीकधी अर्ध्या लिटरची बाटली सांभाळीत एखादे पोरही चालत असते. जून महिन्यात शाळेच्या पटांगणात पाहुण्यांच्या हस्ते रोप लावताना टाळ्या वाजविणाऱ्या शंभर मुलांपेक्षा हे एक मूल मला अधिक भाग्यवान वाटते, कारण पाणी जड असते हे त्याला कळले आहे. परंतु कळकळीला ज्ञानाची जोड नसली तर काय होते याचा दाखलाही याच टेकड्यांवर आहे. या मुळात गवताच्या टेकड्या. त्या उघड्या बोडक्या दिसतात म्हणून त्यांवर परदेशातून आलेल्या गिरिपुष्पाची दाट लागवड झाली, आणि त्या सावलीखाली आता गवत नाही, की गवतावर जगणारे फारसे काही नाही. हिरवे दिसले म्हणजे भले झाले, ही समजूत चांगल्या मनाच्या माणसांची होती.

आता माझी स्वतःची हकीकत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बांधकाम अद्याप पुरते न झालेले ते मातीचे धरण सकाळी गेले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले, आणि मुठेकाठच्या पेठांत वाड्यांचे मजले बुडाले. आमचा वाडा शुक्रवार पेठेत, पाणी जिथवर पोचले नाही अशा ठिकाणी होता. दुपारनंतर ओल्या बोचक्यांसह माणसांची रीघ लागली. शाळा उघडल्या, देवळे भरली. आमच्या दिंडी दरवाजाशी एक बाई उभी राहिली. लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, काखेत पोर. माझी आजी सोवळ्यातली. तिच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला आम्ही मुलेही शिवत नसू. तिने जोत्यावरूनच विचारले, "कोण गं तू? कुणाची?" या प्रश्नाचा अर्थ त्या बाईलाही कळला असावा, कारण ती उत्तर देण्याआधी थबकली. तेवढ्यात काखेतले पोर ओरडून रडू लागले, आणि आजी एकदम म्हणाली, "अगो, आत ये आधी. ते मग सांग."

ते तिने सांगितले की नाही, मला आठवत नाही. ती चार दिवस आमच्याकडे राहिली. आजीने त्या पोराला आपल्या हाताने न्हाऊ घातले, धुरी दिली, स्वतःच्या नहाणाचे तांब्याचे घंगाळ त्यासाठी काढले. पाचव्या दिवशी त्या बाईचा दीर तिला शोधीत आला आणि ती गेली. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या, त्यांपैकी एखाद्या ठिकाणी ती स्थिरावली असावी. ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाल्यावर आजीने सगळे स्वयंपाकघर धुवून काढले, भांडी चिंचेने घासली, गोमूत्र शिंपडले, आणि मग देवापाशी बसली. तिने हे त्या बाईदेखत केले नाही. त्यासाठी चार दिवस ती थांबली होती. मी दारात उभा राहून दोन्ही गोष्टी पाहिल्या, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात दोन्ही नोंदी सारख्याच शाईने झाल्या.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये अगदी असाच प्रसंग आहे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात आई श्यामला एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास पाठविते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर म्हणूनही सांगते. आजचे वाचक या आंघोळीपाशी अडखळतात, आणि अडखळावे हे योग्यच. परंतु ती आंघोळ गाळून टाकणाऱ्यांपेक्षा ती लिहून ठेवणारे गुरुजी मला अधिक विश्वसनीय वाटतात. त्या मुलाने, म्हणजे पुढे गुरुजी झालेल्या श्यामने, दोन्हींपैकी काय ठेवून घेतले, याचे उत्तर 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरास मिळाले. विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून गुरुजी दहा दिवस उपोषणाला बसले आणि ते दार उघडले. आईने मोळीही दिली होती आणि आंघोळही. निवड मुलाने केली, आणि ती त्याच्याकडून करवून घेण्याचे कोणतेही तंत्र आईजवळ नव्हते. पण मोळी उचलण्याचा प्रसंगच तिने टाळला असता, तर निवडावयाला त्याच्यापाशी काय होते?

माझी निवड काय झाली, हे मला अगदी अलीकडे कळले. आमच्या इमारतीत रोज सकाळी कचरा नेण्यास एक मावशी येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, तिच्या त्या सभासद आहेत. ओला कचरा निराळा, सुका निराळा करून देण्याच्या कामी आमचे घर चोख आहे; नातही केळ्याची साल कोणत्या बादलीत टाकावयाची हे बिनचूक सांगते, आणि याचा मला अभिमान होता. मावशींना पाणी लागते म्हणून मी दाराबाहेरच्या फळीवर एक पेला ठेवला होता. तो भरून देण्यास मी कधी कंटाळा केला नाही. उन्हाळ्यात वाळ्याचे पाणी दिले.

परवा नात खेळून जिना चढून आली, तहानलेली होती, दार उघडण्यापूर्वीच तिने तो पेला उचलला, बाटलीतले पाणी त्यात ओतले आणि घटाघटा प्याली. मी दार उघडले तेव्हा पेला तिच्या ओठाला होता. माझ्या तोंडून "अगं" एवढाच शब्द निघाला. तिने पेला खाली करून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हा कुणाचा आहे?"

मी उत्तर दिले नाही. पेला आत आणला, घासला, इतर पेल्यांबरोबर पालथा घातला, आणि घासताना हात नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला हे माझ्या ध्यानात आले. फळी आता रिकामी आहे; मावशी आल्या की हाताला येईल तो पेला जातो. पण त्या पेल्याच्या काठाशी एक बारीकसा पोचा आहे, आणि जेवताना तो माझ्या पानाशी आला की बोटाला लागतो.